बॉर्डरवर

उद्यमबागेत आमच्या शेडला तपासणी कँप आला
तेव्हा सगळ्यात आधी बाही वर केली भरमाणीनं.
तिसऱ्या दिवशी कागद आला. सहा पूर्णांक दोन.
'शुगर नाही अजून,' लॅबची पोरगी म्हणाली,
'पण बॉर्डरवर आहे.'

कसा हसला मर्द!
लेथ बंद करून हसला.
'आज्जा बॉर्डरवर, बा बॉर्डरवर,
लाइटचं बिल एका भाषेत, शिव्या दुसऱ्या भाषेत,
आता रक्तबी तिकडंच गेलं काय गा?'
हसता हसता एक पेटवली, अर्धी मला दिली.

एकतीस वर्षांचा. पोट नाही,
अनगोळच्या तालमीत अजून जोर मारायचा.
दिवसाला अकरा. पगाराच्या दिवशी चौदा.
(त्यातल्या निम्म्या माझ्या खिशातल्या.
हे मी कुठल्याच डॉक्टरला सांगितलेलं नाही.)

फेब्रुवारीतला मंगळवार, संध्याकाळचे सव्वासहा.
टपरीमागे उभे होतो, खानापूर रोडला ट्रकांची रांग,
आणि त्याच्या बोटांतनं सिगारेट पडली.
तो बघत राहिला खाली,
जशी ती दुसऱ्याच कुणाच्या हातातनं पडली.
वाकला, तर हात गेलाच नाही.
तोंडाची उजवी बाजू उतरली
ओल्या पोत्यासारखी.

मला वाटलं, सोंग करतोय.
फोरमनचं करायचा, तहसीलदाराचं करायचा.
'बास की आता,' मी म्हणालो.

मग कुणी म्हणालं पित्त, कुणी म्हणालं वारं लागलं.
लिंबू सरबत आणलं, दोन चमचे साखर जास्त घालून.
ते ओठाच्या कोपऱ्यातनं गळ्यावर आलं,
गळ्यावरनं शर्टाच्या खिशात,
जिथं पाकीट होतं.
घरी नेऊन निजवला. झोपला की उतरतंय.
रात्री अकराला रेणुका उठवायला गेली
तर डोळे उघडे, आणि शब्द नाही.

'किती वाजता सुरू झालं?'
हा एकच प्रश्न चार वेळा विचारला त्यांनी,
कन्नडात, हिंदीत, परत कन्नडात,
शेवटी सावकाश मराठीत, जसं मलाच काही झालंय.
सव्वासहा, म्हणालो.
लिहिणारा हात थांबला.
भिंतीवरच्या घड्याळाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

सकाळी मोठे डॉक्टर आले. 'कै एत्तरी.'
डावा हात वर गेला.
म्हणजे कळतंय, त्यांनी लिहिलं.
कळतंय. सगळं कळतंय.
उजवा हात चादरीवर पडून होता
शेजाऱ्यानं विसरून ठेवलेल्या हत्यारासारखा.

एकोणिसाव्या दिवशी गोकाकच्या शशिकला मॅडम
चित्रांचे पत्ते घेऊन बसल्या. कुत्रा. कप. किल्ली.
तो सगळ्यांकडं बघून नुसता रडायचा.
रेणुकानं थर्मासातला चहा ओतला, चमचा धरला,
आणि सवयीनं विचारलं, 'घालू?'

'साक्...' म्हणाला.
परत, जोर लावून, मानेच्या शिरा ताणून,
'साक्... साक्...'

मॅडमनी टाळी वाजवली. 'साकु! बेड म्हणतोय, पुरे म्हणतोय!'
रेणुका रडत रडत म्हणाली, 'नाही हो,
साखर मागतोय. माझी भाषा आली त्याला.'
दोघी त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.
तो माझ्याकडं बघत होता.

जिन्याखाली येऊन मी खिसे चाचपले.
डाव्यात लायटर. उजव्यात माझा कागद,
त्याच कँपचा, तिथंच घडी घातलेला.
सहा पूर्णांक शून्य.
तोही हसला होता तेव्हा. 'दोन पॉइंट मागं आहेस मर्दा.'

कुणाला तरी विचारायला पाहिजे
तो नक्की काय म्हणाला ते.
त्याला विचारलं तर परत तेच म्हणतो.
अजून तेच म्हणतो.
मी चहा आता कोराच पितो,
आणि लायटर अजून फेकलेला नाही.